मुलांचे उपचार आणि सरकारी आरोग्य योजना: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर, सिडको, पंचवटीतल्या वस्त्यांमधून आणि पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून आमच्या मदतगटाकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक फोन मूल खाटेवर असताना येतात. तेव्हा कागद गोळा करायला ना वेळ असतो ना डोकं. म्हणून शक्य असेल तर हे मूल ठणठणीत असतानाच वाचा. पॅकेजची, म्हणजे ठरवून दिलेल्या उपचारांची, यादी आणि दर सरकार अधूनमधून बदलतं. त्यामुळे ऐन वेळी फुले योजनेच्या १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर एकदा खात्री करून घ्या.

१. फुले योजना, आयुष्मान भारत, जीवनदायी... या वेगवेगळ्या योजना आहेत की एकच?

सुरुवात वेगवेगळी झाली, आता खिडकी एकच आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत नाशिक नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्यात आली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मधली. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र चालवल्या जातात. सिन्नर-निफाडकडचे जुने लोक अजून ‘राजीव गांधीत बसतंय का?’ असंच विचारतात. विचारू द्या, आरोग्यमित्राला (योजनेतल्या रुग्णालयात मदतीला बसलेल्या माणसाला) बरोबर कळतं.

दोन्हींमधला फरक एकाच ठिकाणी आडवा येतो, तो म्हणजे राज्याबाहेर उपचार घेताना. त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

२. आमचं कार्ड केशरी आहे, दिराचं पांढरं. दोन्ही घरच्या मुलांना मिळेल का?

हो. पूर्वी पिवळं (वार्षिक उत्पन्न १५,००० पर्यंत), अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी (१ लाखापर्यंत) एवढ्याच कार्डांना योजना लागू होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही आत आलं आणि १ जुलै २०२४ पासून नवी रचना लागू झाली. ‘आम्ही दारिद्र्यरेषेखाली नाही, म्हणजे आमचं काही होणार नाही’ असं म्हणत खासगी दवाखान्यात दागिने मोडून पैसे भरणारी माणसं अजून भेटतात.

फुले योजनेसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तो धर्मादाय रुग्णालयासाठी लागतो (प्रश्न १९). लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि नको तिथे सेतूच्या रांगेत उभे राहतात.

३. पाच लाख एका मुलाला की सगळ्या घराला? मुलाच्या वयाची अट आहे का?

योजनेतून पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात ते एका कुटुंबाला, एका वर्षासाठी. पाचही लाख एकाच मुलाच्या उपचाराला लागले तरी चालतं आणि घरातल्या चौघांत वाटले गेले तरी चालतं. घरात माणसं किती आणि मुलाचं वय काय, याला मर्यादा नाही. जन्मापासूनचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतात. खासगी मेडिक्लेमसारखी थांबायची मुदत इथे नाही.

वर्षाच्या सुरुवातीला वडिलांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, तर मुलासाठी किती शिल्लक आहे ते आरोग्यमित्राकडून पाहून घ्या. घरातल्या सत्तरीपुढच्या आजी-आजोबांना आयुष्मानचं वेगळं संरक्षण आहे, त्यांनी स्वतःचं कार्ड काढून ठेवावं. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख आहे.

४. बाळ आठ दिवसांचं आहे आणि काचेच्या पेटीत ठेवलंय. रेशन कार्डावर नाव नाही. मग?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घाबरतात. नाव नाही म्हणून बाळाला परत पाठवता येत नाही. आई किंवा वडिलांचं वैध रेशन कार्ड, त्यांचा फोटो असलेलं ओळखपत्र, बाळाच्या जन्माचा पुरावा आणि बाळासोबत आई किंवा वडिलांचा फोटो, एवढं घेऊन आरोग्यमित्राकडे जा. जन्मदाखला हातात नसेल तर प्रसूती जिथे झाली तिथली जन्माची नोंद दाखवा आणि दाखल्याची धावपळ त्याच दिवशी सुरू करा.

आता दाखल्याबद्दल. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत. बाळंतपण रुग्णालयात झालं असेल तर ते कळवतात, पण दाखला आणायला तुम्हालाच जावं लागतं. ‘बारसं व्हायचंय, नाव ठरलं नाही, म्हणून दाखला काढला नाही’ हे कारण फार ऐकू येतं. नाव न ठरवताही जन्मनोंद होते. नाव नंतर, बारा महिन्यांच्या आत, विनामूल्य घालता येतं. आत्याबाईंना नाव शोधायला हवा तेवढा वेळ द्या, दाखल्याला नको.

दाखला आला की बाळाचं नाव रेशन कार्डावर चढवा. शहरात धान्य वितरण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, तालुक्याला तहसीलच्या पुरवठा शाखेत, किंवा ऑनलाइन.

आणि बाळ सरकारी रुग्णालयात असेल तर कार्डाची चिंता मुळात कमीच. का, ते प्रश्न ७ मध्ये.

५. मुलाचं आयुष्मान कार्ड वेगळं काढायचं का? कुठे, आणि किती पैसे लागतात?

प्रत्येक माणसाचं वेगळं कार्ड. ते मोफत आहे. आशाताई, आपले सरकार सेवा केंद्र किंवा योजनेतल्या रुग्णालयातले आरोग्यमित्र काढून देतात. रेशन कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक आणि आधार सोबत न्या.

मुलांच्या बाबतीत गाडी अडते ती आधारवर. पाच वर्षांच्या आत काढलेल्या बाल आधारमध्ये बोटांचे ठसे नसतात. मूल पाच वर्षांचं झालं की ते अद्ययावत करावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात हे मोफत होतं. दुसरी अडचण नावाची: रेशन कार्डावर ‘ओम’, आधारवर ‘ओंकार’, शाळेच्या दाखल्यावर आणखी तिसरंच. जन्मदाखल्यावरचं नाव खरं धरून बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. कंटाळवाणं काम आहे खरं, पण दिवाळीच्या सुट्टीत उरकण्यासारखं.

६. रेशन कार्डच नाही. आम्ही भाड्याने राहतो.

अधिवास प्रमाणपत्र असलेली कुटुंबंही नव्या रचनेत आहेत. तेही नसेल तर दोन गोष्टी एकदम करा: रेशन कार्डाचा अर्ज टाका, आणि तोवर मुलाला सरकारी रुग्णालयात दाखवा. तिथल्या उपचाराला रेशन कार्ड लागत नाही. आई किंवा वडिलांची बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी चालू असेल तर तेही सांगा, नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या कुटुंबांचा योजनेत स्वतंत्र गट आहे.

७. ताप, खोकला, जुलाब यांचा खर्च मिळतो का?

फुले योजनेतून नाही. ही योजना भरती करून होणाऱ्या, ठरवून दिलेल्या मोठ्या उपचारांसाठी आहे. गल्लीतल्या डॉक्टरांची फी, मेडिकलमधली बाटली, बाहेरच्या लॅबमधली रक्ततपासणी यातलं काही तिच्यात येत नाही. खरं सांगायचं तर मुलांच्या आजारपणात गरीब घराचा पैसा याच वाटेने जास्त जातो आणि योजनेच्या जाहिरातीत हे ठळकपणे कुणी लिहीत नाही.

पण त्यासाठी दुसरी सोय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत उपचार मोफत आहेत. यात आपलं सिव्हिल, ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. महापालिकेची रुग्णालयं या निर्णयात नाहीत, त्यांचे दर वेगळे असतात.

एक वर्षाच्या आतल्या बाळांसाठी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, आणि १०२ क्रमांकाच्या गाडीने येणं-जाणं, सगळं मोफत. ‘हे औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी कुणी दिली, तर शांतपणे विचारा, ‘बाळ वर्षाच्या आतलं आहे, हे जननी शिशुमध्ये बसत नाही का?’ या एका वाक्याने बऱ्याच चिठ्ठ्या परत घेतल्या जातात.

८. मुलांचे कोणते आजार योजनेत बसतात?

१ जुलै २०२४ च्या रचनेत १,३५६ उपचार होते, पुढे यादीत बदल होत गेले. सगळी यादी वाचत बसू नका, तिच्यात आजारांपेक्षा प्रक्रियांची नावं जास्त आहेत. मुलांच्या बाबतीत सहसा विचारलं जातं ते असं:

हृदयाला जन्मजात छिद्र, त्यावरचं ऑपरेशन किंवा बिनटाक्याची प्रक्रिया. नवजात बाळांची अतिदक्षता. बालशस्त्रक्रिया, म्हणजे आतड्याचे, गुदद्वाराचे, मूत्रमार्गाचे जन्मजात दोष. लहान मुलांचे कर्करोग, त्यांची केमो आणि रेडिएशन. मूत्रपिंडाचे आजार आणि डायलिसिस. भाजणं. हाडं मोडणं. मेंदूत पाणी साठणं.

न्यूमोनिया, डेंग्यू, फिट्स यांबाबत ‘बसतं की नाही’ याला एका शब्दात उत्तर नाही. मूल किती गंभीर आहे यावर ठरतं. साध्या वॉर्डात दोन दिवस सलाइन लावून सोडलं तर बहुधा नाही, अतिदक्षता विभागात घ्यावं लागलं तर बहुधा हो. निर्णय डॉक्टरांनी पाठवलेल्या कागदांवर होतो. म्हणून ‘डेंग्यू आहे, बसेल का?’ असं आम्हाला फोनवर विचारण्यापेक्षा तिथल्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवणं बरं.

काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. तेच ऑपरेशन खासगीत योजनेतून होत नाही. ‘त्यांनी आम्हाला फसवलं’ असं वाटण्याआधी ही शक्यता तपासा.

९. नाशिकमध्ये नेमकं कुठे जायचं?

सरकारीमध्ये त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे सिव्हिल, आणि शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांच्या विशेष उपचारांसाठी ‘संदर्भ’ आहे, नवजात आणि लहान मुलांसाठी आधी सिव्हिल. महापालिकेची नाशिकरोडचं बिटको आणि द्वारकेजवळचं डॉ. झाकीर हुसेन. याशिवाय आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि इगतपुरी तालुक्यात धामणगावचं एसएमबीटी ही मोठी शिक्षण रुग्णालयं.

खासगी रुग्णालयांची नावं इथे मुद्दाम देत नाही. कुणी योजनेत येतं, कुणी बाहेर पडतं, आणि एखादं रुग्णालय योजनेत असलं तरी सगळ्याच विभागांसाठी असतं असं नाही. हाडांसाठी असेल, मुलांसाठी नसेल. फोनवर विचारताना ‘योजना आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘लहान मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला योजना आहे का?’ असं नेमकं विचारा.

१०. भरती होताना काय करायचं?

केस पेपरच्याही आधी आरोग्यमित्राची खिडकी शोधा. बहुतेक ठिकाणी ती दाराजवळच असते, फलकासह. त्याला रेशन कार्ड, मुलाचं आधार (किंवा प्रश्न ४ मधले कागद) आणि आधीचे रिपोर्ट द्या. तो नोंदणी करतो, रुग्णालय उपचाराची पूर्वमंजुरी मागतं, ती आली की उपचार सुरू होतात. वेळ नसेल तर तातडीची मंजुरी फोनवरून घेता येते. ते काम रुग्णालयाचं आहे, पण ‘फोनवरून मंजुरी घेतलीत का?’ हे विचारायला तुम्ही विसरू नका. उरलेले कागद घरी असतील तर कुणाला तरी लगेच पाठवा, सुट्टीच्या दिवसापर्यंत थांबू नका.

पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधं, ऑपरेशन, शरीरात बसवायची उपकरणं, रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं भाडं येतं. फुले योजनेत घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही त्यातच असतो. परतीचं भाडं कुणी आपणहून देत नाही. पेठ-सुरगाण्याहून आलेल्यांनी ते मागून घ्यावं, एसटीच्या दराने मिळतं.

११. आम्ही आधी पैसे भरले, योजनेचं नंतर कळलं. परत मिळतील का?

नाही. ही रोकडरहित योजना आहे. पैसे आधी भरून बिल नंतर पाठवायचं, असा प्रकार तिच्यात नाही. मूल अजून भरती असेल तर आजच आरोग्यमित्राला गाठा, पुढच्या उपचारांसाठी तरी नोंदणी होऊ शकते का ते पाहा. घरी आल्यावर मात्र हातात काही उरत नाही. प्रश्न १० मध्ये आधी खिडकी शोधा म्हटलं ते याचसाठी.

योजनेत नाव नोंदवल्यानंतरही पैसे घेतले असतील तर ती वेगळी गोष्ट. पुढचा प्रश्न पाहा.

१२. योजनेत मंजुरी आली, तरी रुग्णालय वरून तीस हजार मागतंय. द्यावे का?

पॅकेजमधल्या उपचारासाठी एक रुपयाही घेता येत नाही. ‘हे इंजेक्शन योजनेत नाही’, ‘डॉक्टर बाहेरून येतात, त्यांचे वेगळे’, ‘डिपॉझिट आहे, परत मिळेल’ अशी वेगवेगळी कारणं सांगितली जातात. वाद घालू नका, पण लेखी मागा. ‘कशासाठी आणि किती, ते लेटरहेडवर द्या’ म्हटलं की मागणी बहुतेक वेळा तिथेच विरते. नाही विरली तर आरोग्यमित्राकडे लेखी तक्रार करा, त्याच्या वर जिल्हा समन्वयक असतो. १५५३८८ वरही तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. मूल तिथेच भरती असल्याने पालक घाबरतात, हे आम्हाला कळतं. नाइलाजाने द्यावेच लागले तर पावती सोडू नका. पावतीशिवाय तक्रारीला पाय नाहीत.

मंजुरी आलेलीच नसेल आणि उपचार यादीबाहेरचा असेल, तर मागणी चुकीची असेलच असं नाही. मग प्रश्न १९ कडे जा.

१३. शाळेत डॉक्टर आले होते. मुलीच्या हृदयात आवाज येतो म्हणून चिठ्ठी दिली. पुढे काय?

ती चिठ्ठी जपून ठेवा. हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. देशभरात त्याची सुरुवात आपल्याच राज्यातून झाली, फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जातात. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची कमतरता, लहानपणचे आजार आणि वाढीतला उशीर या चार गोष्टी ते बघतात.

चिठ्ठी मिळाली की आधी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय, तिथून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि ऑपरेशन लागलं तर ते फुले योजनेतून किंवा या कार्यक्रमाच्या निधीतून. फाटलेला ओठ, वाकडे पाय, तिरळेपणा, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण हे सगळं याच वाटेने जातं. चष्मा लागला तर तोही शाळेतल्या मुलांना मोफत मिळतो.

या चिठ्ठीचं पुढे काहीच न होणं हे फार वेळा दिसतं. मूल खेळतंय, पळतंय, मग आई-वडिलांना घाई वाटत नाही, त्यात खुडणी किंवा लावणीचा हंगाम. हृदयातलं काही छिद्र आपोआप बुजतं हे खरं, पण ते बुजणारं आहे की नाही हे इको केल्यावर डॉक्टर सांगतील. पथकाच्या डॉक्टरांचा नंबर चिठ्ठीवरच लिहून घ्या आणि तारीख तेच मिळवून देतील असं पाहा.

मूल शाळेत जात नसेल, पथकाच्या दिवशी गैरहजर असेल, तर अंगणवाडीताई किंवा आशाताईला सांगून थेट आरोग्य केंद्रात दाखवता येतं.

१४. मुलगा आश्रमशाळेत आहे. तिथे आजारी पडला तर कार्ड आमच्याकडे, मूल तिकडे.

शासकीय आश्रमशाळांतले विद्यार्थी हा योजनेत स्वतंत्र गट आहे, शासकीय अनाथालयांतली मुलंही. नाशिक हे आदिवासी विकास आयुक्तालयाचं मुख्यालय आणि नाशिक व कळवण हे दोन प्रकल्प जिल्ह्यात, तेव्हा हा प्रश्न इथे नेहमीचाच. शाळेने मूल आपल्याकडे शिकत असल्याचं पत्र आणि ओळख द्यावी. तरीही रेशन कार्डाची आणि आधारची एक एक झेरॉक्स मुख्याध्यापकांकडे जूनमध्येच देऊन ठेवा. रात्री अकराला अधीक्षकांना पत्र टाइप करायला लावण्यापेक्षा हे सोपं.

१५. मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. थेरपीचा खर्च फुले योजनेत मिळतो का?

नेहमीची फिजिओ, स्पीच किंवा ऑक्युपेशनल थेरपी फुले योजनेत नाही, कारण ती भरती न होता, वर्षानुवर्षं चालते. त्यासाठी निरामय नावाची वेगळी योजना आहे, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं. तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीही येते. आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. मात्र इथे पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवून परत मागायचे. फुले योजनेच्या अगदी उलट, म्हणून पावत्यांची फाइल पहिल्या दिवसापासून करा. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) हवं. अर्ज नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होतो.

मूल लहान असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात थेरपी मोफत आहे. वय जितकं कमी तितका फायदा जास्त. ‘मोठी झाली की बोलेल’ असं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचं ऐकत वर्ष घालवू नका.

१६. वडील अंबडच्या कंपनीत आहेत, पगारातून ईएसआय कापलं जातं. मग मुलासाठी कुठे जायचं?

आधी ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर कामगार ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो, आणि त्या पैशात बायको-मुलांचे उपचारही येतात, अगदी सर्दी-तापाची ओपीडीसुद्धा. प्रश्न ७ मधली फुले योजनेची उणीव इथे नाही. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे. तिथे न होणाऱ्या उपचारांसाठी ते बाहेरच्या रुग्णालयात पाठवतात, पण त्यांच्या रेफर पत्राशिवाय परस्पर गेलात तर खर्च तुमचा. शिकणारा मुलगा २१ वर्षांपर्यंत यात असतो.

कंत्राटदारामार्फत कामाला असाल तर पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची कपात आणि तुमचा विमा क्रमांक दोन्ही आहेत ना, बघा. आणि मुलाचं नाव कुटुंबाच्या नोंदीत घातलंय का, तेही. ते बऱ्याचदा राहून गेलेलं असतं.

१७. आम्ही सुरगाण्याचे. सहा महिने निफाडला द्राक्षबागेत असतो. काही गावांना गुजरातचं रुग्णालय सोयीचं. कार्ड कुठे चालतं?

महाराष्ट्रात कुठेही. कार्ड सुरगाण्याचं असलं तरी निफाड, नाशिक, मुंबई कुठल्याही योजनेतल्या रुग्णालयात उपचार होतात. कामाला निघताना कार्ड गावी पेटीत ठेवू नका. हरवेल अशी भीती वाटत असेल तर फोनमध्ये फोटो आणि १२ अंकी क्रमांक ठेवा.

गुजरातचं वेगळं. धरमपूर, वलसाडकडच्या रुग्णालयात ज्यांची नावं केंद्राच्या आयुष्मान यादीत आहेत त्यांनाच उपचार मिळतात, ते कार्ड देशभर चालतं. ज्यांना फक्त राज्याच्या फुले योजनेतून लाभ आहे त्यांना सीमेपलीकडे तो मिळत नाही. आपण कोणत्या यादीत आहोत ते आयुष्मानच्या १४५५५ क्रमांकावर विचारून आधीच माहीत करून ठेवा. शेजारच्या घराला मिळालं म्हणजे आपल्यालाही मिळेल, असं इथे होत नाही.

तान्ह्या बाळाला बागेवरून हलवायचं असेल तर १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका कार्ड कुठल्या गावचं ते विचारत नाही.

१८. शाळेत खेळताना हात मोडला. विद्यार्थ्यांसाठी वेगळा विमा आहे म्हणतात?

पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह योजना आहे. अपघाती मृत्यूला दीड लाख, कायमच्या अपंगत्वाला त्याच्या प्रमाणात मदत. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे जातो. हात मोडल्याच्या उपचाराला फुले योजनाही पाहा (प्रश्न ८).

१९. उपचार यादीत नाही किंवा पाच लाख संपले. आता?

एकाच वेळी तीन दारं ठोठवा, एकामागून एक नको.

पहिलं, धर्मादाय रुग्णालय. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुसऱ्या. इथे तहसीलदारांचा दाखला लागतो. खाटा भरल्या आहेत असं सांगितलं तर धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात विचारा.

दुसरं, मुख्यमंत्री सहाय्यता निधी. जिल्हाधिकारी कार्यालयात त्याचा कक्ष आहे, मंत्रालयात खेटे घालायची गरज नाही. खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आणि मूल भरती असल्याचा पुरावा लागतो. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. ‘निधी लवकर काढून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारे लोक रुग्णालयांच्या आवारात फिरतात. त्यांना हाकला.

तिसरं, रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक. त्याला त्या त्या आजारासाठी मदत करणाऱ्या संस्था माहीत असतात, कॉक्लिअर इम्प्लांटसारख्या (बहिऱ्या मुलांच्या कानात बसवायचं उपकरण) महागड्या गोष्टींसाठी असलेल्या, अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेसारख्या वाटाही. अंदाजपत्रक हातात येताच त्याच्याकडे जा, बिल झाल्यावर नको.

२०. नवऱ्यापासून वेगळी राहते. मुलाचं नाव त्याच्या कार्डावर आहे आणि तो कार्ड देत नाही.

माहेरी परतलेल्या बायकांचा हा प्रश्न आहे आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. मुलाचं आयुष्मान कार्ड आधीच निघालेलं असेल तर रेशन कार्डाची मूळ प्रत नवऱ्याकडे असली तरी फारसं बिघडत नाही. निघालेलं नसेल तर कार्डाचा १२ अंकी क्रमांक रेशन दुकानदाराकडून किंवा ‘मेरा रेशन’ ॲपवरून काढा आणि मुलाचं आधार घेऊन सेवा केंद्रात जा. घटस्फोट झालाय की नाही, ताबा कुणाकडे, हे आरोग्यमित्र विचारत नाही. विचारलंच तर सांगायची गरज नाही.

पुढे मात्र स्वतःचं वेगळं कार्ड करून घ्या. नवऱ्याच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला तो देत नसेल तर पुरवठा कार्यालयात तसं प्रतिज्ञापत्र आणि माहेरच्या पत्त्याचा पुरावा घेऊन अर्ज करा. मुलाचं नाव आजोबांच्या कार्डावर चढवायचा मार्गही आहे, आणि तो बऱ्याचदा लवकर होतो. पण मग पाच लाखांची मर्यादा आजोबांच्या घरासोबत वाटली जाईल. आजोबांचं डायलिसिस चालू असेल तर वेगळं कार्डच करा.